आगीला तुमच्यात काय म्हणतात

गेवराईला नोकरी लागली तेव्हा आमची खोली जिनिंगच्या फाटकाच्या अगदी समोर होती. मध्ये फक्त रस्ता. दिवाळी झाली की त्या रस्त्यावर कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागायची आणि फाल्गुनापर्यंत आमच्या भातात, अंथरुणात, लेकराच्या नाकात कापसाचे तंतू सापडायचे. बायको म्हणायची, "आपण खोलीत राहतो का गंजीत, तेच कळंना."

नव्वदीची मधली वर्षं होती. कोपऱ्यावर एसटीडीचं पिवळं बूथ आलं होतं, हॉटेलात चहाच्या किटलीशेजारी परदेशी थंड पेयाचा फ्रीज आला होता, आणि आमच्या कॉलेजात असा कागद आला होता की पुढची वेतनश्रेणी पाहिजे असेल तर पीएच.डी. करा. मी मराठी शिकवत होतो, पण एम.ए. पुण्याला भाषाशास्त्रात केलेलं. तिथल्याच माझ्या सरांनी मला विषय दिला. चीनपासून लडाखपर्यंत आणि खाली ब्रह्मदेशापर्यंत ज्या भाषा एका कुळातल्या मानतात, त्या सगळ्यांत आगीला काय म्हणतात ते गोळा करायचं, आणि त्यावरून त्या सगळ्यांच्या मूळ पूर्वजाचा शब्द कसा असेल ते मांडायचं.

बीड जिल्ह्यात बसून हा विषय करणं म्हणजे काय, हे मला आज सांगायलाही संकोच वाटतो. वर्गात मुलं निम्मी नसायची. शिरूर कासारकडची पोरं तर आईबापांबरोबर ऊस तोडायला गेलेली असत, ती उन्हाळ्यात उगवत. मी रिकाम्या बाकांसमोर हजेरी घ्यायचो आणि घरी येऊन कार्डं मांडायचो. तिबेटी : मे. ब्रह्मी : मी, शेवट लांबवलेला. मणिपुरी : मै. मिझो : मेइ. काठमांडूची नेवारी : मि. चिनी लोक आज हुओ म्हणतात, पण जुन्या उच्चारात तिथंही श्वासाबरोबर एक म लपलेला होता असं जाणकार सांगतात. बोडोनं मात्र हा शब्द टाकून दिलेला, तिथं ओर. हजारो वर्षं डोंगर ओलांडत गेलेली माणसं, राजे बदलले, देव बदलले, आणि चुलीतला म टिकून राहिला. खरं सांगतो, त्या दिवसांत मला आयुष्यात एवढीच एक गोष्ट सुंदर वाटत होती.

ज्या शब्दाला बोलणारा कुणी उरलेला नाही, तो आडाख्यानं मांडतात आणि त्याच्यापुढे एक चांदणी काढतात. चांदणी म्हणजे कबुली : हा शब्द आम्ही कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. माझ्या प्रबंधात अशा चांदण्या भरपूर होत्या. सर म्हणाले, "सगळं पुस्तकांतून उचललंस. एक तरी जिवंत तोंड आण."

इंफाळला जायची माझी ऐपत नव्हती. जिवंत तोंड मला रस्त्यापलीकडे मिळालं.

जिनिंगच्या फाटकावर एक गुरखा होता. चाळिशीचा, बुटका, खाकी स्वेटर वैशाखातही अंगात. गावात बारा वर्षं काढलेली, त्यामुळे मराठी बोलायचा ती आमच्यासारखीच. एकदा दुपारच्या सुट्टीत मी त्याला विचारलं, घरी कोणती भाषा बोलता? तो म्हणाला, "समदे मला गुरखा म्हणत्यात. मी गुरखा न्हाई सर. मी तामांग हाय."

तामांग! माझ्या यादीत नेपाळच्या भाषांमध्ये ते नाव होतं आणि पुढे जागा रिकामी होती. मी तिथंच विचारलं, "आगीला तुमच्यात काय म्हणतात?"

तो हसायला लागला. पायाजवळचा पत्र्याचा डबा त्यानं माझ्यासमोर धरला. आत काड्यापेट्या, बिड्यांची बंडलं, दोन लायटर. "गावातली समदी आग माझ्यापाशी जमा हाय, अन् मलाच इचारता?"

ते त्याचं काम होतं. फाटकातून आत जाणाऱ्या प्रत्येकाचा खिसा चाचपायचा, काड्यापेटी काढून घ्यायची, आणि येणाऱ्या ट्रॅक्टरच्या सायलेन्सरवर जाळी आहे का ते बघायचं. जाळी नसेल तर फाटकाला टांगलेली बसवायची. सायलेन्सरमधून उडालेली एक ठिणगी वाळलेल्या कापसात पडली तर काय होतं ते त्यानं एकदा दुसऱ्या गावी पाहिलं होतं. ट्रॅक्टरवाले शिव्या देत, "तुझ्या बापाचा कापूस हाय का बे?" म्हणत, आणि तो शांतपणे जाळी बसवत असे.

"मे," तो म्हणाला. "आगीला मे म्हणतो आमी."

मी कार्डावर पेन्सिलीनं लिहिलं. पेन्सिलीनं अशासाठी, की सरांची एक शिस्त होती. एकदा विचारलेला शब्द शब्द नसतो. तो तीनदा विचारायचा, वेगवेगळ्या दिवशी आणि वेगवेगळ्या वेळी. माणूस ताजा असताना, दमलेला असताना. तिन्ही वेळा तोच आला तर कार्डावर शाई चढवायची. दुसऱ्यांदा मी त्याला घरी बोलावलं, तेव्हाही दुपारची सुट्टीच होती. बायकोनं चहा केला. त्यानं पाण्याला क्युइ म्हणतात ते सांगितलं, घराला धिम, गाईला म्हे. गाईचा म्हे घोगऱ्या श्वासानं खाली उतरायचा आणि आगीचा मे वर राहायचा. बायको दारात उभी राहून म्हणून बघायची आणि दर वेळी गाय पेटवायची. तो पोट धरून हसायचा. "वैनी, गोठ्याला आग लावताल तुमी."

तिसरी वेळ राहिली होती. ती दुपारच्या सुट्टीत चालणार नव्हती, वेळ बदलायला हवी होती. आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मला पुण्याला प्रकरण दाखवायला जायचं होतं.

मी चार वाजता फाटकावर गेलो. पौष महिना होता, आवक जोरात. तो म्हणाला, "आत्ता न्हाई सर. गाड्या लागल्यात."

"दहाच मिनिटं."

"उद्या येतो की."

"उद्या मी पुण्याला. कामच अडलंय माझं."

त्यानं एकदा रांगेकडे पाहिलं. मग काट्यावर वजन करणाऱ्या माणसाला हाक मारून फाटकाकडे बघायला सांगितलं, काड्यापेट्यांचा डबा त्याच्या टेबलाखाली सरकवला, आणि माझ्यामागून रस्ता ओलांडून आला. मी सर होतो. त्याला नाही म्हणता आलं नाही, हे मला तेव्हाही कळत होतं.

कॉलेजचा टेपरेकॉर्डर मी मागून आणला होता. दहा मिनिटांची चाळीस झाली. मे पुन्हा, मे सावकाश, मे वाक्यात, मे आणि म्हे पाठोपाठ. तो दमला होता आणि मला तो दमलेलाच हवा होता. मध्येच तो थांबला. मान वर करून हुंगल्यासारखं केलं.

"सर, कायतरी जळतंय."

मी म्हणालो, "बसा हो. कुणी पाचोळा पेटवला असेल. एकदा अजून म्हणा."

त्यानं एकदा अजून म्हटलं. मग तो उठला आणि पायांत चपलाही न घालता पळाला.

दीड गंजी गेली. एक पूर्ण जळाली, दुसरी हमालांनी आकड्यांनी ओढून अर्धी वाचवली, बाकीची टँकरच्या पाण्यानं वाया गेली. माणसाला कुणाला काही झालं नाही. फक्त गुरख्याचे दोन्ही तळहात भाजले, पेटलेली ताडपत्री ओढताना. झालं होतं ते उघड होतं : काटेवाला वजनात गुंतला, फाटक उघडं राहिलं आणि एक ट्रॅक्टर जाळी न लावता थेट गंजीपर्यंत गेला. पण तो ट्रॅक्टर ज्यांचा होता त्यांना बोलायची त्या आवारात कुणाची ताकद नव्हती. दिवस मावळायच्या आत सगळ्यांच्या तोंडी एकच होतं, गुरखा बिडी पीत बसला असेल. त्याला बिडी चालत नव्हती. बारा वर्षं लोकांच्या बिड्या जपणारा माणूस तो.

जिनिंगचे मालक अप्पा. सगळा गाव त्यांना अप्पाच म्हणायचा. कपाळावर भस्म, धोतर गुडघ्यापर्यंत ओलं झालेलं. माणूस वाईट नव्हता, हेही लिहायला पाहिजे. आमच्या कॉलेजच्या संस्थेवर ते होते, आणि मला कायम करायचा ठराव पुढच्या बैठकीत यायचा होता. सगळ्या हमालांसमोर त्यांनी गुरख्याला विचारलं, "फाटक सोडून कुठं गेलतास बे?"

मी तिथंच होतो. हातात बादली होती, गर्दीत पुढून दुसरा. गुरख्यानं माझ्याकडे पाहिलं.

"हितंच गेलतो, अप्पा. रस्त्याच्या पलीकडं."

"कावून?"

तो थांबला. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, पण माझ्यासाठी जागा सोडून थांबला होता एवढं नक्की. मी वाकून बादली खाली ठेवली. ती ठेवायची काही गरज नव्हती.

"पाणी प्यायला," तो म्हणाला.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "सांगितलंत ना अप्पांना, तुम्ही बोलावलं होतं म्हणून?"

"आत्ता ते चिडलेत. शांत झाले की सांगतो."

"त्याला काढला तर?"

"एवढ्यावरून कोण काढतं?"

तिनं ताट वाढलं आणि समोर न बसता आत गेली. मी जेवलो. मग टेप मागे फिरवून ऐकला, कारण सकाळी पुण्याला जायचं होतं. मे स्पष्ट होता. त्याच्यापाठोपाठ 'कायतरी जळतंय' होतं, आणि मग माझा आवाज. मी कार्डावर शाई चढवली.

पुण्यात सर खूश झाले. कार्ड हातात घेऊन म्हणाले, "हा उभा राहिला बघ. बाकी सगळे शब्द पुस्तकांत झोपलेले आहेत, हा उभा आहे." मी त्यांनाही काही सांगितलं नाही. त्यांना सांगायचं काही कारण नव्हतं, अशी मी समजूत घातली. त्या दिवसांत माझ्याकडे समजुतींची काही कमी नव्हती.

परत आलो तर फाटकावर दुसरा माणूस. गुरखा आमच्या पायरीवर बसलेला, हातांना चिंध्या गुंडाळलेल्या. शेजारी प्लॅस्टिकची पिशवी. त्यातून त्यानं कोपरानं ढकलत कागद बाहेर काढले. तो जिथं जिथं पहारा करून आला होता तिथल्या लोकांनी लिहून दिलेले : एका डॉक्टरांचा, एका बँकेच्या साहेबांचा, एका शाळेचा. सदर इसम प्रामाणिक आहे, सदर इसमाबद्दल आमची काही तक्रार नाही. घड्या पडून फाटायला आलेले.

"ह्या कागदांवरच चालतंय आमचं," तो म्हणाला. "त्याबिगर परक्या माणसाला कोण फाटकावर उभा करतंय? तुमी बी एक लिहून द्या, सर. बीडला एका गोदामावर जागा हाय."

"अप्पांनी काही लिहून दिलं?"

तो हसला. "अप्पा? दिलं की. पायताण दाखवून दिलं."

मी त्याला थांबवून घेतलं. कॉलेजच्या छापील कागदावर माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं. अत्यंत प्रामाणिक, कष्टाळू, निर्व्यसनी. माझ्या माहितीत एवढा कर्तव्यदक्ष पहारेकरी नाही. विशेषणांची मी काटकसर केली नाही. खाली सही, पदनाम. तो दोन भाजलेल्या तळहातांत कागद धरून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच परत आला. बायको दारात होती, तिनं त्याला आत बोलावलं. तो बसला नाही.

"हाटेलवाल्यानं वाचून दावलं," तो म्हणाला. "लई चांगलं लिवलंय. माझ्या बापानंबी एवढं चांगलं म्हटलं नव्हतं मला. पण ते न्हाई त्यात."

"काय ते?"

"तुमी बोलावलं ते."

मी म्हणालो, "ते लिहिलं तर अप्पांपर्यंत जाईल."

"जाईलच की. बीडवाले हितं जिनिंगवर फोन लावतेल. अप्पा फोनवर सांगंल, ह्यानं गंजी जाळली. मग तुमचं हे निर्व्यसनी काय कामाचं, सर? त्यांना एकच पायजे, फाटक का सोडलं. म्या त्या दिशी पाणी सांगितलं. मला वाटलं, तुमी मागून सांगताल. मोठ्या माणसाला मोठ्या माणसानं सांगितलेलं बरं असतंय."

मी म्हणालो, ठराव व्हायचाय. एक महिना थांबा. महिन्याभरानं मी स्वतः अप्पांकडे जातो.

तो माझ्याकडे रागानं बघत नव्हता. तसं असतं तर मला आज बरं वाटलं असतं. तो माझ्याकडे बघत होता ते ट्रॅक्टरवाल्याकडे बघावं तसं, शिव्या ऐकून झाल्यावर. त्यानं तो कागद माझ्या टेबलावर, कार्डांच्या खोक्याशेजारी ठेवला. उडू नये म्हणून त्यावर माझा चष्मा ठेवला.

"हा असू द्या तुमच्यापाशी. चला, वैनी. पुस्तक पुरं करा, सर."

बायकोनं त्याला चार भाकरी बांधून दिल्या. तो गेल्यावर ती मला म्हणाली, "एक ओळ होती फक्त." नंतर कधीही तिनं हा विषय काढला नाही. पण त्या दिवसानंतर ती मे आणि म्हेची गंमतही विसरली.

ठराव झाला. मी कायम झालो. महिना संपला तेव्हा मी अप्पांकडे गेलो नाही. मुलाचं आजारपण होतं, मग परीक्षा आल्या. प्रबंध पुरा झाला. त्यात एका पानावर तळटीप आहे : माहितगार, पुरुष, तामांग भाषक, वय अंदाजे चाळीस. ऋणनिर्देशात सरांचे आभार आहेत, ग्रंथालयाचे आहेत, संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचे आहेत, त्यात अप्पा आले. तळटीपेतल्या माणसाचे आभार नाहीत. आभार मानायचे तर नाव द्यावं लागलं असतं, आणि नाव दिलं असतं तर कुणीतरी म्हणालं असतं, अरे, हा तर गंजी जाळणारा.

पुढे मी बीडला दोनदा चौकशी केली. गोदामावर तसा माणूस कधी लागलाच नव्हता. रात्रीच्या गस्तीवरचे दोघेतिघे भेटले, त्यांना तामांग म्हटल्यावर ते म्हणाले, हजारो आहेत, कोणता? मला त्याच्या गावाचं नाव माहीत नव्हतं. पाणी, घर, गाय, आग, एक ते दहा आकडे, सगळं विचारलं होतं. गाव विचारलं नव्हतं. ते माझ्या कार्डावर नव्हतं.

आता मी विभागप्रमुख आहे, पन्नाशीला आलो. जिनिंग बंद पडली, तिथं मंगल कार्यालय झालं. त्या सगळ्या भाषांमधला आगीचा शब्द मला अजून झोपेतून उठवला तरी सांगता येईल, पण कुणी विचारत नाही आणि मलाही सांगावंसं वाटत नाही. मुलांना वाटतं, सर थकलेत. बरोबर वाटतं त्यांना.

यंदा अप्पा गेले. शोकसभेत मी बोललो, त्यांच्या दानतीबद्दल. त्यातलं काही खोटं नव्हतं. बोलताना मला जाणवत होतं की या सभेत आता माझं वाईट करू शकेल असा कुणी उरलेला नाही. अप्पा गेल्यावर मला धीर आला, हे मला लपवायचं नाही. अशा धीराची किंमत काय असते ते मला कळतं.

घरी येऊन मी कार्डांचं खोकं काढलं. कागद तिथंच होता, पिवळा पडलेला. कॅसेटही होती. ती मी लावली नाही. लावायला यंत्रही उरलेलं नाही, आणि त्यावर काय आहे ते मला पाठ आहे. शेवटची ओळ आणि माझी सही यांच्यामध्ये दोन बोटं जागा मोकळी होती. तेव्हा ती मी का सोडली होती, आठवत नाही. मी तिथं लिहिलं : आग लागली त्या दिवशी चार वाजता हे फाटकावर होते. मी जाऊन त्यांना माझ्या कामासाठी बोलावून आणलं. ते नको म्हणत होते. जळल्याचा वास त्यांना आला, तेव्हा मी त्यांना बसवून ठेवलं.

अक्षर आता तेवढं चांगलं राहिलेलं नाही. शाई वेगळी आहे, ते कुणालाही दिसेल.

बायको चहा घेऊन आली. तिनं कप ठेवला, कागद उचलला, खिडकीपाशी नेऊन पहिल्यापासून वाचला. मला वाटलं ती म्हणेल, आता कुणाला देणार आहात हा?

तिनं कागद परत माझ्यासमोर ठेवला.

"खाली तारीख घाला," ती म्हणाली. "आजची घाला."